तोंड झाकून आणलेला डायनासोर

“सर, तुमच्या डायनासोरचे डोळे गणपतीसारखे का आहेत?”

मी हे उभं राहून, हात वर करून, अख्ख्या दहावीसमोर विचारलं. रिया आणि मोनालीने सकाळी बसमध्येच पैज लावली होती. “विचारून दाखव, वडापाव आमच्याकडून. नाही विचारलंस तर परतीच्या बसमध्ये गाढवाचा आवाज काढायचा, ड्रायव्हर काकांच्या कानात.” मागच्या वर्षीची हेतल असती तर तिने निमूटपणे गाढवाचा आवाज काढला असता. ती हजेरीला ‘यस सर’सुद्धा अशी म्हणायची की सर दोनदा नाव घ्यायचे. पण यंदा मी शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन झाले. एका दमात समोरच्या सगळ्या पोरींच्या अंगावर धावून जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि सुटून परत यायचं, हे एकदा जमलं की हात वर करून प्रश्न विचारणं म्हणजे काय, पोरखेळ!

आणि खरं सांगायचं तर मला पैजेची भीती नव्हतीच, कारण उत्तर मला माहीत होतं. मला फक्त ते माइकवरून ऐकायचं होतं.

आमची दहावीची सहल गेली होती मौजवाडी पार्कला. पळस्पे फाट्याच्या पुढे, गोवा हायवेला लागून, म्हणजे बरोब्बर माझ्या गावाशेजारी. पार्कची मागची भिंत आमच्या घरातून दिसते. तरी मी सकाळी रिक्षाने पनवेलला शाळेत गेले, तिथून सगळ्यांबरोबर बसने परत माझ्याच गावाशी आले. पप्पा म्हणाले होते, “अगो, सरळ भिंतीवरना उडी मार ना. बसचं डिझेल तरी वाचंल.”

तर पार्कचे नवे मॅनेजर, कोटबिट घातलेले, आम्हाला उघड्या थिएटरमध्ये बसवून सांगत होते की मौजवाडी आता बदलणार. नवीन राइड्स, नवीन गेट, नवीन सगळंच. मग म्हणाले, “एनी क्वेश्चन्स?” आणि मी उठले.

माझा प्लॅन असा होता. ते म्हणणार, “वा, छान निरीक्षण! ते डोळे पेणच्या एका कसबी कलाकाराने काढले आहेत.” मग मी म्हणणार, “माझी आई!” मग टाळ्या.

मॅनेजर हसले. “व्हेरी गुड! शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं! ही आमच्या पार्कची सगळ्यात जुनी मिस्टेक आहे. तेव्हा लोकल लोकांकडून करून घेतला होता तो. आता तुम्हीच सांगा, डायनासोर कसा पाहिजे? बघून किंकाळी फुटली पाहिजे! हा तर मोदक मागेल असा दिसतो.” पोरं खदाखदा हसली. “डोन्ट वरी. सोमवारी कटर येतोय. तो कापून भंगारात, आणि त्या जागी येणार आपला नवा टॉवर!”

माझ्या तोंडात ‘माझी आ—’ तयार होतं, ते तसंच राहिलं.

“हेतू, बस खाली,” रिया माझी ओढणी ओढत म्हणाली. “जिंकलीस तू. बस.”

पण मैदानातल्या मधल्या रेषेवरून एकदा पुढे गेलं की असं मध्येच बसता येत नाही. मी माझा कबड्डीचा आवाज लावला. “सर, ते डोळे माझ्या आईने काढलेत!”

मॅनेजरनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, “ओह. सॉरी, बेटा. नाइस. नेक्स्ट क्वेश्चन?”

नाइस म्हणे!

आता तुम्हाला डायनोबाची गोष्ट सांगायलाच हवी. हो, डायनोबा. आमच्याकडे त्याला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही.

दोन हजार एक साली गावातल्या तुळशीराम शेठने आपल्या भाताच्या शेतात पार्क काढायचं ठरवलं तेव्हा अख्खा गाव म्हणाला, शेठचं डोकं फिरलंय, शेतात पाळणे पेरतोय. शेठने पेरले. एक मोठा पाळणा, एक पाण्यातली घसरगुंडी, एक होडी आणि दारात उभा करायला एक डायनासोर. डायनासोर बनवणार कोण? शेठ हायवेने सरळ पेणच्या बाजूला, हमरापूरला गेले, माझ्या आईच्या वडिलांकडे. काशिराम आजोबांचा गणपतीचा कारखाना होता. आजोबांनी जन्मात गणपती आणि गौरी सोडून काही घडवलं नव्हतं. शेठने एक कंपासपेटी पुढे केली. तिच्या झाकणावर डायनासोरचं चित्र होतं. आजोबांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाले, “सोंड नाय, एवढंच ना? करू.”

आतून लोखंडी सांगाडा, वरून फायबर. दोन मजली घराएवढा. मान इतकी लांब की ती वेगळी करून बोल्टवर बसवावी लागली. आणि सगळं झाल्यावर उरले डोळे.

गणपतीच्या कारखान्यात साच्यात माल भरायला कुणालाही बसवतात, अंगाचा रंग कुणीही मारतं, पण डोळे काढणारा हात वेगळाच असतो. त्या कामाला आखणी म्हणतात. माझी आई लग्नाआधीपासून आखणी करायची. तिच्या हातचे गणपती म्हणे गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे. डोळ्यांसाठी आजोबांनी तिला मुद्दाम माहेरी बोलावून घेतलं. मी तेव्हा दोन वर्षांची. मला शेपटीला बांधलेल्या झोळीत झोपवून आई परांचीवर चढली आणि तिने डायनासोरला डोळे दिले. लांब, शांत, कडेला किंचित वर गेलेले. वर भुवयासुद्धा! डायनासोरला भुवया!

मग तो ट्रकवर चढला. धड एका ट्रकवर, मान आणि डोकं दुसऱ्यावर. आणि आजोबांनी सवयीने काय केलं असेल? गणपती कारखान्यातून घरी नेताना तोंडावर कापड टाकतात ना, तसं डायनासोरच्या तोंडावर पांढरं कापड टाकलं आणि नीट बांधलं. कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. खारपाड्याच्या पुलावर एका टेम्पोतल्या माणसांनी ते झाकलेलं तोंड बघितलं आणि मे महिन्याच्या उन्हात जोरात आरोळी दिली, “मोरया!”

त्यामुळे ते डोळे शेठनेसुद्धा पहिल्यांदा उद्‌घाटनालाच बघितले. कापड काढायचा मान त्यांच्या आईचा, जनी आजीचा. तिला शिडीवर चढवलं, तिने कापड ओढलं, वर बघितलं आणि शिडीवरच हात जोडले. मग खाली जमलेल्या सगळ्या गावाने जोडले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाळणेवाले आधी त्याच्या पायाशी नारळ फोडायचे आणि मग मशीन चालू करायचे. कोणीतरी ‘डायनोबा’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं.

काय दिवस होते ते! गावातल्या बायका काष्टा मारून घसरगुंडीवरून किंचाळत खाली यायच्या. उरणकडून कोळणी नटूनथटून टेम्पो भरून यायच्या आणि पाळण्यात बसून गाणी म्हणायच्या. मोबाइल कुणाकडे होता? म्हणून आत शिरताना प्रत्येक आई पोराला एकच सांगायची, “हरवलास तर डायनोबापाशी थांब.” आणि पोरं थांबायची. कारण त्याची भीती कुणालाच वाटायची नाही. पहिलीत असताना मीसुद्धा एकदा हरवले होते. त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आधीच दोन अनोळखी पोरं बसलेली होती, त्यांनी मला सरकून जागा दिली आणि आपल्यातली बोरं दिली. आई आली तेव्हा मी चिडले होते, इतक्या लवकर कशाला आलीस म्हणून.

आणि हे सगळं मिस्टेक?

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्याजवळ बसून जवळा निवडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. सोमवार, कटर, भंगार, मोदक. मला वाटलं ती पदर खोचून उठेल.

तिने जवळ्यातला एक बारीक खेकडा काढून बाजूला टाकला. “मोडूं दे.”

“आई!”

“चूकच ती. मला भीतीचं डोळं काढायला सांगलेलं. मला ते येतच नाय. हात फिरवला की तेच येतात.” ती वर न बघता बोलत होती. “कापड काढल्यावर शेठ सगळ्यांच्यात काय बोलला, माहीत हाय? ‘भामा, हा पोरांना घाबरवणार, का आशीर्वाद देणार गो?’ सगळी हसली. मी पन हसले.”

“मग?”

“मग काय. तवापासनं नाय धरला ब्रश.”

मला आयुष्यभर वाटत होतं की आईला आखणीला वेळ मिळत नाही. दर वर्षी गणपतीच्या आधी भावेशमामाचा फोन यायचा, “ताई, ये ना गो, माणूस कमी पडतंय.” आणि ती म्हणायची, “घरातलं कोण बघंल?” घरातलं कुठलं! घरात आम्ही तीन माणसं, त्यातले पप्पा ट्रेलर घेऊन अर्धा आठवडा जासईच्या कंटेनर यार्डात!

त्या एका वाक्यासाठी माझ्या आईने ब्रश ठेवला होता. आणि सोमवारी तिचं शेवटचं काम कापलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी रिया आणि मोनालीला बोलावून घेतलं. त्या पनवेलहून आल्या, कारण कालच्या पैजेचा वडापाव अजून बाकी होता आणि तो मी तुळशीराम शेठच्या बंगल्यासमोरच खाणार असं जाहीर केलं होतं.

“तू शेठशी बोलणार?” मोनाली म्हणाली. “ते सरपंचालासुद्धा झापतात म्हणे.”

“मी काय सरपंच आहे?”

शेठ व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. गळ्यात जाड चेन, पायात निळी रबरी चप्पल. पार्क आता त्यांचा मुलगा प्रितेशदादा बघतो, शेठ नुसते झोपाळा हलवतात.

“कोण गो? जगनची पोर ना?”

“हो. आणि भामाची.” मी म्हणाले. “शेठ, डायनोबाला कापू नका.”

“आता मला कुठं कोण विचारतंय,” शेठ म्हणाले. “जा, प्रितेशला सांग.”

“प्रितेशदादांच्या मॅनेजरला सांगितलं. ते म्हणाले, मिस्टेक आहे. तुम्हालापण तसंच वाटतं?”

झोपाळा थांबला. शेठने एकदा माझ्याकडे, एकदा रियाच्या हातातल्या वडापावाकडे बघितलं.

“वाटलं होतं,” ते म्हणाले. “पयल्या वर्षी वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मी मुंबईसनं पेंटर आणला. म्हटलं, लाल डोळं काढ, दात मोठं कर, पैसं घे. गडी चढला वर. डबा उघडला. बसला बसला आणि खाली उतरला. मी म्हटलं, काय झाला रं? तो बोलला, ‘शेठ, तो माझ्याकडे बघतोय. या डोळ्यांवर मी रंग नाही मारणार, माझ्या घरीपण गणपती येतो.’ डबा तसाच ठेवून गेला बघ.” शेठ हसायला लागले. “त्याच मे महिन्यात ही गर्दी! किती पोरं हरवायची! पन एक पोर रडत गेटाबाहेर गेला नाय कधी. सगळी त्याच्या पायाशी. मी तवाच बोललो, अरे, भामानं बरोबर केलं. आपलंच चुकलं.”

“कुणाला बोललात?”

“आं?”

“भामानं बरोबर केलं, हे कुणाला बोललात?”

शेठने आठवून बघितलं. “आयेला बोललो. पाळणेवाल्यांना बोललो.”

“आईला सांगितलंत? माझ्या आईला?”

रियाने मला मागून चिमटा काढला, पण आता मी रेषेच्या बऱ्याच पलीकडे होते.

“ती समोरच राहते, शेठ. पार्कच्या भिंतीपलीकडे. तुम्ही सगळ्या गावासमोर तिची चेष्टा केलीत, आणि बरोबर केलं म्हणालात ते फक्त पाळणेवाल्यांना. तेव्हापासून तिने ब्रश हातात धरलेला नाही.”

शेठ सरपंचाला झापतात, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवलं. पण शेठ झापायच्या मूडमध्ये दिसले नाहीत. त्यांनी गळ्यातली चेन उगाच सरळ केली.

“मला वाटलं, ती इसरली असंल,” ते म्हणाले. मग पाय जमिनीला टेकवत, “पार्क प्रितेशचा. जागा त्याची, मशीनी त्याच्या. पन तो डायनासोर मी हौसंनं आणलाय, तो माझा. तुला पायजे?”

“पाहिजे.”

“कुठं ठेवशील?”

त्याचा मी अजिबात विचार केला नव्हता! “घरी,” मी म्हणाले.

मोनालीच्या घशात वडापाव अडकला. “घरी? तुमच्याकडे फ्रिज ठेवायला जागा नाही!” ती कुजबुजली, पण तिची कुजबुज हायवेपर्यंत जाते.

शेठ आता मनापासून हसत होते. “ने मग. सोमवारच्या आत ने. मी प्रितेशला सांगतो.”

“अजून एक अट आहे,” मी म्हणाले.

“तू मला अट घालतेस?”

“हो. उद्या तो आमच्याकडे येईल तेव्हा तुम्ही यायचं. आणि आत्ता मला जे सांगितलंत ते आईला सांगायचं, मोठ्याने. चेष्टासुद्धा मोठ्यानेच केली होतीत ना?”

झोपाळा एकदम जोरात कुरकुरला. “जगनची नाय गो तू,” शेठ म्हणाले, “काशिरामची हायस तू! येतो. नारळ मी आणतो.”

बंगल्याच्या गेटाबाहेर येईपर्यंत आम्ही तिघी शहाण्यासारख्या चाललो. बाहेर आल्यावर काय केलं ते लिहीत नाही, पण हायवेवरच्या एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून साथ दिली.

मग मी भावेशमामाला फोन लावला. आजोबांच्या मागे मामा गणपतीच्या आधीचे काही महिने त्यांचा कारखाना चालवतो आणि बाकीचं वर्ष कळंबोलीच्या लोखंड बाजारात हायड्रा क्रेन.

“मामा, उद्या रविवारी हायड्रा रिकामी आहे?”

“हाय. कशाला?”

“डायनोबाला घरी आणायचंय.”

फोनमध्ये लोखंडाचे गज आपटल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नाही.

“मामा?”

“मान आधी काढावी लागंल,” मामा म्हणाला. “बाबांनी बसवताना पाना मीच धरलेला. कुठला बोल्ट कुठं, समदं आठवतंय. हेतू, ताईला माहीत हाय का?”

“आता सांगते.”

“आणि तोंड झाकायला कापड घे. उघडं नाय आणायचा.”

दुपारी पप्पासुद्धा घरी होते. दोघं जेवायला बसली होती. मी ताटावर बसले नाही, उंबऱ्यात उभी राहिले. भाषणं उभ्यानेच करायची असतात.

“आई, पप्पा, मी ठरवलंय. डायनोबा उद्या आपल्याकडे येतोय. तुळशीराम शेठनी दिला. मामा हायड्रा आणतोय. पप्पा, तुमचा ट्रेलर उद्यापासून रस्त्याच्या कडेला लावायचा. आत्ताची जागा त्याची.”

पप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. पप्पा एकवेळ बँकेचं पासबुक देतील, पण ट्रेलरची जागा! “माझ्या ट्रेलरच्या जागेत डायनासोर? अगो, विजेच्या तारा दिसतात का तुला? मान अडकली तर गावात अंधार!”

“मान निघते. बोल्टवर आहे.”

“आणि परत लावल्यावर?”

“घराच्या बाजूला तारा नाहीत. मी गच्चीवर चढून बघून आले.”

पप्पांनी आईकडे बघितलं, म्हणजे हिला समजाव. आई भाताशी चाळा करत होती. मग म्हणाली, “शेठनं दिला? तो काय बोलला?”

“ते उद्या शेठच सांगतील. तुला. सगळ्यांसमोर. नारळ घेऊन येतायत.”

आईने हात धुतला. उठली, आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. पप्पा मला हळूच म्हणाले, “चिडली वाटतं.” मीही घाबरले, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात आई बाहेर आली. हातात पांढरं मांजरपाटाचं कापड होतं, घडी न मोडलेलं.

“हे पुरंल का?” ती म्हणाली. “डोकं मोठं हाय त्याचं. बाबांनी तवा दोन जोडलेले.” मग लगेच, जणू आपल्याच बोलण्याला बाजूला ढकलत, “पन डोळं फिकं झालं असतील गो त्याचं. उन्हातान्हात. लोकं बघतील.”

बस. मला एवढंच हवं होतं. मी ताठ उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या कबड्डीच्या आवाजात, भिंतीपलीकडे मॅनेजरला ऐकू जावं इतक्या मोठ्याने सांगून टाकलं.

“म्हणूनच अजून एक ठरवलंय. दहावीची परीक्षा संपली की मी मामाच्या कारखान्यात आखणी शिकायला जाणार, आणि शिकवणार तू. येत्या गणपतीच्या आधी डायनोबाचे डोळे परत काढायचे. एक डोळा तू, एक मी. आणि भुवया, आई, भुवया ठेवायच्याच!”